गुळाच्या खड्याबरोबरची गोळी

बेलापूरजवळच्या एका गावात दहावीतली मुलगी शाळेत चक्कर येऊन पडली. त्या दिवसाचा मला अजून विसर पडलेला नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "मुलीची साखर वाढलीय, चेहरा सुजलाय. पोटात स्टिरॉइड जात असावं. घरचे म्हणतात, मुरमांवर होमिओपॅथीच्या गोळ्या चालू आहेत."

डायरीला नोंद घेऊन, औषध निरीक्षकांना बरोबर घेऊन आम्ही गोळ्या देणाऱ्याच्या खोलीवर छापा टाकला. सापडल्या त्या साखरेच्या गोळ्या. कागदपत्रं वरवर ठीक होती. चौकशीत तो हसतच होता.

"साखरच हाय साहेब. तुमीबी खा चार, तोंड गोड करा."

पुरावा असलाच तर मुलीकडच्या बाटलीत होता. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी तिच्या घरी गेलो. आईला सूज मान्यच नव्हती.

"सुजलीय कुठं? अंगाला लागलंय पोरीच्या. गाल बघा कसं भरल्यात. पाव्हणंबी इचारत्यात, काय खाऊ घालता म्हणून."

"गोळ्या संपल्या," मुलगी खाली बघत म्हणाली. तिच्या गालावर एकही पुटकुळी नव्हती.

"संपल्या तर सुटलीस बाई," आई म्हणाली. "लई कडू. गुळाचा खडा दिल्याबिगर गिळायची न्हाई."

मी तिथेच थांबलो. माझी पत्नी आता नाही. ती असताना आमच्या घरी होमिओपॅथीच्या बाटल्यांची पेटी असे. मुलं त्या गोळ्या खाऊसारख्या चोरून खात आणि ती खोटं खोटं रागवे. त्या गोळीवर गूळ कुणी मागितला नव्हता.

होमिओपॅथीची गोळी गोड असते, कडू गोळीत दुसरंच काही असणार, हे मी मुलीला सांगितलं. मग तिने विचारलं, "गोळ्या बंद केल्या की पुटकुळ्या परत येतील ना?"

कॉन्स्टेबलने मला डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हणा.

"येतील," मी म्हणालो. "कदाचित आधीपेक्षा जास्त. पण डॉक्टर योग्य उपचार करतील."

"गोळ्या देणाऱ्यांनी तर कधीच येणार नाहीत म्हणून सांगितलं होतं." ती उठली आणि दप्तराच्या तळातून अर्धी भरलेली बाटली काढून आईच्या हातात दिली. आईने ती माझ्याकडे दिली.

पंचांसमक्ष बाटली सील केली. प्रयोगशाळेच्या अहवालात स्टिरॉइड निघालं. अहवाल समोर ठेवल्यावर त्या माणसाचं हसू गेलं. खास गिऱ्हाइकांसाठीच्या गोळ्या तो मेहुण्याच्या घरी ठेवत असे. ते घर त्यानेच दाखवलं. स्टिरॉइड एकदम बंद करता येत नाही, म्हणून दवाखान्याने मुलीचा डोस बेतानं, हळूहळू कमी केला.

चौकशीच्या कितीतरी युक्त्या मी नोकरीत शिकलो. त्या घरात एकही वापरली नाही. त्या पोरीला आजवर सगळ्यांनी तिला आवडेल तेवढंच सांगितलं होतं. नको असलेलं उत्तर मिळालं, तेव्हा तिने विश्वास टाकला. नंतरच्या तपासांत मला याचा फार उपयोग झाला.

ती आता सुप्याला एका कारखान्यात नोकरी करते. साखर उतरली, सूज गेली. गालांवर मुरमांचे थोडे व्रण आहेत.