गप्प बसण्याचे तास

माझी पत्नी गेली त्याला आता आठ महिने होतील. भेटायला येणारी माणसं तिने बोलत्या केलेल्या लोकांच्या गोष्टी सांगतात. कुणाचा भाचा अडखळायचा, आता वकिली करतो. कुणाची आई आजारातून उठल्यावर नातवंडांना पुन्हा नावाने हाक मारू लागली. मी ऐकतो आणि चहा पुढे करतो. मला मात्र त्याआधीचे दिवस आठवत राहतात. तेव्हा ती कुणालाच बोलतं करत नव्हती. तिचं काम एका कोपऱ्यात गप्प बसण्याचं होतं, आणि तेही तिला पुरतं करता येईल की नाही अशी वेळ आली होती.

साठचं दशक संपत आलं होतं. मी मुरबाडला शिक्षक होतो. लग्नाआधीच ती बी.ए. झालेली होती. मुंबईच्या एका इस्पितळात वाचा-उपचाराचा नवा अभ्यासक्रम निघाल्याचं तिने वर्तमानपत्रात वाचलं आणि ते पान माझ्या पुढ्यात ठेवलं. घरातून परवानगी मिळायला दोन महिने लागले. आठवडाभर ती मुंबईला वसतिगृहात राहायची आणि शनिवारी संध्याकाळी कल्याणहून एस.टी.ने घरी यायची.

त्या अभ्यासक्रमाचा एक नियम होता. रुग्णाला हात लावण्याआधी, त्याच्याशी एक शब्दही बोलण्याआधी, विद्यार्थ्याने पंचवीस तास नुसतं पाहायचं. शिकवणाऱ्या मॅडम रुग्णाला तपासत असताना कोपऱ्यात बसायचं. बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, रुग्णाला शब्द पुरवायचा नाही. जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच निरीक्षणवहीत लिहायचं. प्रत्येक तासापुढे मॅडमची सही. मध्ये तोंड उघडलं तर तो तास बाद. ‘वाटलं’ हा शब्द वहीत चालायचा नाही. “रुग्ण घाबरला असं वाटलं” या तिच्या एका वाक्यावर मॅडमनी काट मारून बाजूला लिहिलं होतं : काय दिसलं? मग तिने खाली लिहिलं : रुग्णाने टोपीची कड तीनदा चोळली.

माझ्या आईला हा सगळा प्रकार विलक्षण वाटे. “लोकांना बोलायला शिकवायचं शिक्षण, आणि हिलाच बोलायची बंदी,” ती म्हणायची. “सुनेला गप्प बसायला तर सासरीच शिकवतात. त्यासाठी मुंबईला कशाला जायला हवं होतं?”

“तुम्ही शिकवलंत, पण सह्या केल्या नाहीत ना, सासूबाई,” ही म्हणाली. आई हसली नाही, पण त्या दिवशी तिने ताटात तूप जरा जास्त वाढलं.

पावसाळ्यात हिला विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरुणात गेले आणि अकरा तास मागे राहिले. ज्यांचे पंचवीस तास पुरे असतील त्यांची यादी लागणार होती आणि त्यांनाच पुढे रुग्ण मिळणार होते. बाकीच्यांनी सहा महिन्यांनी पुढच्या तुकडीबरोबर यायचं. ही सहा महिने मागे पडली असती, आणि घरातून आणखी सहा महिने मिळाले असते असं मला आजही वाटत नाही. वडील सरळ नाही म्हणाले नसते. नुसते विषय काढला की उठून अंगणात गेले असते.

सुदैवाने यादी लागायच्या सुमारासच इस्पितळाने आमच्या भागात तपासणी ठेवली. एक रविवार शहापूरला आणि पुढचा मुरबाडला, आमच्याच शाळेत. दोन्हीकडे शिकवणाऱ्या मॅडमच येणार होत्या. शहापूरला आठ तास आणि मुरबाडला तीन, असा हिशेब बसत होता. मुरबाडच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, यादी लागणार होती. अक्षर बरं म्हणून केसपेपर लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे दोन्ही दिवस दाराशी टेबल टाकून मी बसलो होतो आणि आत काय चाललंय ते मला दिसत होतं.

भातझोडणी आटपत आली होती, म्हणून माणसं बरीच आली. शहापूरच्या दवाखान्यात ओटीवर रांग लागली होती. किन्हवलीकडून आलेली एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. तिचं लक्ष नातीकडे कमी आणि आत कोपऱ्यातल्या हिच्याकडे जास्त होतं. सकाळपासून ही बाई एका जागी बसलेली, कुणी विचारलं तरी उत्तर नाही, नुसती बघते आणि कागदावर काहीतरी काढते.

“मास्तर, ती कोनाची पोर वो?” तिने शेवटी मला विचारलं.

“आमच्याच घरातली आहे,” मी म्हणालो. बायको म्हणायला संकोच वाटला.

“जनमापासून बोलत नाय, का मागून गेली वाचा?”

“तसं नाही, आजी. ती शिकायला आली आहे.”

“बोलायला शिकायलाच ना? मंग मी येगळं काय म्हनते?”

थोड्या वेळाने आजीने कनवटीच्या पुरचुंडीतून वेखंडाचा तुकडा काढला, आत जाऊन हिच्या हातात ठेवला आणि मधात उगाळून जिभेला लावायची खूण केली. तास चालू होता. हिने दोन्ही हातांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि पुन्हा लिहायला लागली. मॅडमनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. आठ तासांच्या आठ सह्या मिळाल्या.

पण बातमी आमच्या आधी मुरबाडला पोचली. बाजारात एकाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, मंडळी मुकी हायत ते आमाला ठाव नव्हतं. तरी नांदवता. मोठं मन लागतं.”

मुरबाडचे पहिले दोन तास सकाळीच झाले. उरला एक. दुपारी साडेतीनला मॅडमनी शेवटचा रुग्ण आत घेतला. वैशाखऱ्याचा शेतकरी, पन्नाशीचा. भाताच्या आवणीच्या दिवसांत बांधावर पडला, तेव्हापासून उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली. गावात लकवा म्हणतात तो. बरोबर बायको होती, तरतरीत, बोलकी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘आमचं मानूस’ म्हणायची.

मॅडम चित्रं दाखवत होत्या. “हे काय आहे, काका?”

“कोयता,” बायको.

“आज सकाळी काय खाल्लंत?”

“नाचनीची भाकर. आन् बोंबलाची चटनी. खाल्ली नाय नीट.”

“बाई, त्यांना बोलू द्या.”

“त्यांना बोलता आलं असतं तं इथं कशाला आनलं असतं?”

तिचं चुकत होतं असं तरी कसं म्हणायचं. आमच्याकडे घरचं माणूस अडलं की शब्द पुढे करायचा, ती माया. अडलेल्याकडे नुसतं बघत राहणं म्हणजे त्याची चेष्टा. वाड्यावस्त्यांवर मी हेच पाहत आलो होतो आणि मीही तेच करत असे. वर्गात पोरगं अडखळलं की शब्द मीच सांगून टाकायचो.

चार वाजता मॅडम हात धुवायला गेल्या. बायको गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेली. आत तो माणूस आणि ही, दोघंच. मी दाराशी. हिच्या कोपऱ्यात पश्चिमेचं ऊन थेट आलं होतं. ती डोळ्यांवर हात धरून लिहीत होती. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. बाजारातली बातमी त्याच्याही कानावर गेलेली असणार. मग त्याने डाव्या हाताने स्वतःला बाकावर थोडं सरकवलं, सावलीत जागा केली आणि तोंड उघडलं.

“इ... इ...”

मी खुर्चीत अर्धा उठलो. शब्द माझ्या ओठांवर होता. हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्याकडे पाहत थांबली होती. कसलीही घाई नसल्यासारखी, उद्या यादी लागणार नसल्यासारखी. त्याचा चेहरा वाकडा झाला, मानेची शीर फुगली, पुन्हा सैल झाली. बाहेर कुणीतरी गुरांना हाकलत गेलं.

“इकडं,” तो म्हणाला. “इकडं... ये.”

आणि ही म्हणाली, “आले हं, काका.”

तिने लगेच तोंडावर हात ठेवला. पण तो माणूस बघतच राहिला. मग त्याच्या निम्म्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि त्याने डावा हात बाकावर आपटला. बायको तेवढ्यात दारात आली. तिला बोट दाखवून तो सांगू लागला, “बो... बो... बोलली.”

“कोन बोलली? काय म्हनता?” आणि मग आपला नवरा बोलला हे तिच्या लक्षात आलं. ती दारातच खाली बसली.

आपण एका मुक्या मुलीला बोलतं केलं अशी त्याची खात्री झाली होती. ती कुणी मोडली नाही.

ही सावलीत त्याच्याशेजारी बसून वहीत लिहीत होती. मॅडम परत आल्यावर तिने वही पुढे केली. मी जाऊन पाहिलं. लिहिलं होतं : तपासणीत विचारलेले प्रश्न चौदा. पत्नीने दिलेली उत्तरं चौदा. चार वाजून दहा मिनिटं, पत्नी बाहेर. रुग्ण : इकडं ये. मी : आले हं, काका. नियम मोडला. हा तास धरू नये.

मॅडमनी दोनदा वाचलं. मग लाल पेन्सिलीने तास कापला.

मी सहसा कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी घातला. “तुम्ही इथे नव्हता. तिने लिहिलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं.”

“म्हणून तर कापते,” मॅडम म्हणाल्या. “जी स्वतःचा तास स्वतः घालवते, तिच्या वहीवर मी डोळे मिटून सही करीन. पण भरलेल्या तासापुढे. जीप सहाला निघणार आहे. रुग्ण आहे का कुणी?”

शाळेची ओटी रिकामी होती. वैशाखऱ्याची जोडीही स्टँडकडे निघून गेली होती. हिने वही मिटली आणि पदराने तोंड पुसलं. मी चपला न घालता स्टँडवर धावलो.

शेवटची गाडी लागलेली होती. बायको पायरीवर, तो खाली, कंडक्टर मागून ढोसत होता. “चढतंय का म्हातारं? माळशेजला अंधार करायचाय का मला?” मी धापा टाकत सांगितलं की एक तास हवा आहे, तुम्ही नुसतं बसायचं आहे, रात्री आमच्या घरी राहा.

“आन् गुरांना वैरन कोन घालील?” बायको म्हणाली. “चढा वो तुमी.”

“नाय,” तो म्हणाला.

कंडक्टर थांबला. बायको पायरीवरून खाली उतरली. “चार महिनं एक सबूद नाय. पोरगी सासरी गेली तवा नाय, बैल मेला तवा नाय. आन् आज यष्टीला नाय म्हनायला तोंड फुटलं.” ती रडत होती आणि त्याचं बोचकं गाडीतून खाली ओढत होती. गुरांचा निरोप ओळखीच्या एकाकडे दिला.

पाच ते सहा. मॅडमनी अट घातली की या तासात बायकोनेही बोलायचं नाही. तिने पदराचं टोक दातांत धरलं. कोयत्याचं चित्र पुन्हा पुढे आलं. मॅडम थांबल्या. मी दारातून पाहत होतो. बायकोची मान पुढे जायची, दात पदरात रुतायचे आणि मान मागे यायची. ही कोपऱ्यात लिहीत होती, चेहऱ्यावर काही न आणता. मला तेव्हा कळलं की तिचं गप्प बसणं हे काम होतं, आणि मी शाळेत इतकी वर्षं ते कधी केलेलं नव्हतं. त्या तासात त्याच्या तोंडून चार शब्द आले. चौथा कोयता होता. सहाला पाच मिनिटं कमी असताना मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि पाच मिनिटं तशाच बसून राहिल्या. मग सही केली.

जीपमध्ये चढताना त्या मला म्हणाल्या, “उद्या तिला पहिला रुग्ण देते.”

दिवेलागणीला आम्ही चौघं घरी चालत आलो. वाटेत ज्याने ज्याने विचारलं त्याला मी सांगितलं, ही माझी बायको, आज हिचे पंचवीस तास भरले. कशाचे तास ते कुणाला कळलं नाही. मी थांबून थांबून सांगितलं.

जेवायला पाटावर बसलो. आई वाढत होती. आमच्या पाहुण्यासमोर ती भाकरी घेऊन उभी राहिली. “घालू का आणखी?”

त्याच्या बायकोने तोंड उघडलं, आणि स्वतःच मिटलं. मी आईकडे पाहिलं. आईने हिच्याकडे पाहिलं. ही तिच्याकडे पाहत नव्हती, त्या माणसाकडे पाहत होती, शाळेत पाहत होती तशीच. मग आई भाकरी हातात धरून, कमरेत वाकलेली, तशीच उभी राहिली. ताटातलं कालवण निवत चाललं. वडिलांनी घास खाली ठेवला.

“अर्धी,” तो म्हणाला.

आईने भाकरी मोडली.