अक्कांच्या रिपोर्टवरचा तिसरा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला वाटतं, शर्ट निवडायचा मला कंटाळा आहे. तुम्हालाच का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही.

मी जळगावात दुर्बिणीने पोट तपासणारा डॉक्टर. वीस वर्षं झाली. घशातून नळी सोडायची, पडद्यावर जठराचं अस्तर बघायचं, कुठे लाल, कुठे फिकट ते लिहायचं. आमच्या कामात रंगावर बरंच काही ठरतं. आणि मला — थांबा, आधी सिस्टरबद्दल सांगतो.

सिस्टर मशीनशेजारी उभ्या असतात. प्रत्येक पेशंटच्या वेळी मी मास्तरासारखा विचारायचो, सांगा बघू, लाल कुठे दिसतंय? त्या सांगायच्या, मी लिहायचो. सर किती छान शिकवतात, असं त्या सगळ्यांना सांगत. शिकवत कसला होतो? मला लाल आणि हिरवा धड ओळखता येत नाही. जन्मापासून. कॉलेजच्या तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात ना — त्यातले आकडे मी मित्राकडून क्रमाने घेऊन पाठ केले होते.

तेवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित हे लिहिलंच नसतं. दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सिस्टर माहेरी गेल्या होत्या. नेमक्या त्याच दिवशी पारोळ्याकडच्या सुमनअक्का आल्या, जेवण जात नाही म्हणून. चार दिवसांनी या, असं म्हणता आलं असतं. का नाही म्हणालो? कुणीतरी कारण विचारलं असतं. मी एकट्यानेच बघितलं आणि 'नॉर्मल' लिहून दिलं.

यंदा नवीन मशीन आलं. त्यावर एक बटण आहे. दाबलं की प्रकाश बदलतो आणि अगदी जवळजवळचे रंग एकमेकांपासून लांब ओढले जातात. अक्का पुन्हा आल्या होत्या, निम्म्या झालेल्या. नळी आत गेली, मी बटण दाबलं — आणि बघतच राहिलो.

वीस वर्षं जे मला एकसारखं मातकट दिसायचं, ते उघडलं. निळसर माळ पसरलेला, बारीक बारीक रेघांचा, आणि मधोमध अंगठ्याच्या पेराएवढा पिवळट तुकडा, त्याला स्वच्छ कड. सिस्टर म्हणाल्या, जांभळ्यात नारिंगी. असेल. माणसाच्या पोटात एवढं काही असतं? बाकीच्यांना हे असं, रोज, फुकट दिसतं? अक्कांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मी नळी धरून नुसता उभा. सांगायला लाज वाटते — सगळ्यात आधी मला आनंद झाला. इतका, की डोळे भरून आले. तो तुकडा कशाचा आहे हे कळलं होतं, तरीही.

मग अक्कांच्या पिशवीतला जुना रिपोर्ट काढला. त्यावर चार फोटो. सिस्टरनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "सर, हे तर तेव्हाही लाल होतं," एवढंच म्हणाल्या. मी निरखून बघितलं. मला काही दिसलं नाही.

तपासणीत कॅन्सर निघाला. अक्कांनी विचारलं, "मांगला टाइमले हाई नव्हतं का?" मी म्हणालो, नव्हतं. नवीन आलंय.

नाशिकला ऑपरेशन झालं, अर्ध्याहून जास्त जठर काढावं लागलं. त्या आखाजीला सापडलं असतं, तर बहुतेक नळीतूनच निघालं असतं. आता अक्का चार घासांवर ताटावरून उठतात. आणि गावात सांगतात, "त्या डॉक्टरनी नजर भारी शे." त्यांचं ऐकून तिकडून पेशंट येतात. मी त्यांना तपासतो. अक्का बरं बोलल्या असं कुणी सांगितलं, की मान डोलावतो.

तो फोटो दोन वर्षं अक्कांच्या पिशवीत होता. त्यातला लाल डाग कुणालाही दिसला असता. मला दिसणार नाही, हे एकट्या मलाच माहीत होतं — आणि खाली सही माझी आहे.