पंधरा सेकंदांची पाळी

काका मागे न बघता एक बोट वर करायचे. म्हणजे थांब. मी दारात पंधरापर्यंत मोजायचे आणि बोट खाली आलं की विचारायचे, "काका, चहा ठेवू?"

"आधी ऐकायचं, मग बोलायचं," ते म्हणायचे. "हवेतसुद्धा हाच नियम."

बोरीवलीच्या त्या घरात मी सहा वर्षं दिवसभर कामाला होते. काकू गेल्यावर काका आणि त्यांचा हॅम रेडिओ, म्हणजे दूरदूरच्या अनोळखी लोकांशी बिनतारी बोलायचा छंद, एवढंच घर. टेबलावर सेट, शेजारी कॉम्प्युटर, गच्चीवर तार. तुमच्याही सोसायटीत असेल असा एखादा, ज्याच्या तारेवरून मीटिंगमध्ये भांडणं होतात. सेट पंधरा सेकंद बारीक शिट्टीत बोलायचा, पंधरा सेकंद ऐकायचा. तो चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही.

एकदा त्यांनी मला समजावलं. "मी फक्त हाक सुरू करतो. परदेशातून कुणी ओ दिली की तुमचा आवाज असा येतोय, मिळालं, नमस्कार, सगळं हा कॉम्प्युटरच ओळीने पाठवतो. मग नवी हाक."

"मग तुम्ही कशाला बसता?"

"अगं, दारात कोण आलंय ते बघायला नको?" आणि स्वतःच हसले.

समोर माणूस नसला तर ते यंत्र थोड्या वेळाने आपोआप थांबायचं. काकांनी ती सोय बंद करून टाकली होती. "सारखं आपलं, आहेस का, आहेस का. नुसती कटकट!"

त्या दिवशी आठ वाजता मी दारातून चहाचं विचारलं. खुर्चीची पाठ दिसत होती. बोट वर झालं नाही. पण शिट्टी चालू होती. मला वाटलं, रंगात आलेत. चहा करून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि भाजीला खाली उतरले. साडेअकराला जेवायला बोलवायला गेले, तर चहावर साय धरलेली. आत काकांचा उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं झालं होतं. डोळे उघडे होते. शिट्टी चालूच.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचे ठीक कधी होते? त्यावरच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं; फार तास उलटले असतील तर त्यानेच रक्तस्राव होऊ शकतो."

अँब्युलन्स बोलावणारे शेजारचे साहेब पुढे झाले. "अहो, आत्ता साडेअकराला जपानवाल्याशी बोलणं पूर्ण झालंय. कॉम्प्युटरवर शेवटची नोंद आहे ना! मी स्वतः बघितली."

जपानशी यंत्र बोललं होतं. मला माहीत होतं. आठला बोट वर झालं नव्हतं, तेही मलाच माहीत होतं. मोठी माणसं बोलत होती, मी थांबले. माझ्याकडे कुणी वळलंच नाही.

इंजेक्शन दिलं. संध्याकाळी डोक्यात रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी."

काका आता मुलुंडला मुलीकडे असतात. वाचा गेली आहे. गेल्या आठवड्यात मी त्यांना सगळं सांगायचंच असं ठरवून तिकडे गेले. ताई आत गेल्यावर मी पलंगाजवळ उभी राहिले.

"काका..."

चादरीतून डावा हात निघाला. बोट वर झालं. मी मोजायला लागले. पंधराला बोट खाली आलं आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

आता माझी पाळी होती.

"चहा ठेवू?" मी विचारलं.