रोझविथाबाईंच्या खिडक्या

जर्मनीतल्या आमच्या झोलिंगेनच्या इमारतीत रोझविथाबाई म्हणतील ती पूर्वदिशा. राहायच्या चौथ्या मजल्यावर, पण हुकूम तळघरापर्यंत चालायचा. सकाळी सात वाजता प्रत्येकाने सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या, मग बाहेर बर्फ का पडेना. कोणी नुसती फट ठेवली की जिन्यातून आवाज यायचा, "अहो, खिडकी उघडताय की तिच्याशी कुजबुजताय?"

याला कारण होतं. त्यांचे यजमान एगॉन सुऱ्यांना धार लावायच्या कारखान्यात होते. दगडाची धूळ छातीत बसून ते बावन्नाव्या वर्षी गेले. शेवटचे महिने बाई त्यांना उशांना टेकवून खिडकीशी बसवायच्या. तेव्हापासून हवेच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकून घेत नसत. मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, बहुतेकदा एकाच वेळी.

मी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, फेन्याला घेऊन सगळ्यात खाली राहायचे. आमची खोली अर्धी जमिनीत होती. त्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात, फेन्याची छाती वाजायला लागली. तिच्या पलंगामागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके आले. पुसले की आठवड्यात परत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "भिंत कोरडी करा, नाहीतर घर सोडा. पोरीला दमा जडेल." सोडून जायचं कुठे? तिची शाळा आणि माझी बेकरीतली नोकरी, दोन्ही याच गल्लीत.

रोझविथाबाईंना सांगायला गेले तर मलाच ऐकावं लागलं.

"झिल्के, तू खिडक्या उघडत नाहीस."

"अहो, सकाळी उघडते की!"

"दहा मिनिटांनी काय होतंय? दिवसभर उघड्या ठेव, तळघराच्यासुद्धा. बाहेर एवढं ऊन पडलंय, सुकेल सगळं."

उन्हाने सुकतं, यात कोणाला शंका येणार? उकाड्याचे तीन आठवडे आम्ही तळघर आणि माझी खोली सताड उघडी ठेवली. ठिपक्यांचे डाग झाले, डागांचा पट्टा झाला. फेन्या बोलता बोलता मध्येच थांबून श्वास घ्यायला लागली. मी घाबरून गेले.

एका रविवारी दुपारी सगळे अंगणात सॉसेज भाजत होतो. बाईंनी तळघरातून बिअरची बाटली आणून टेबलावर ठेवली आणि तोंडाचा पट्टा चालू असताना एकदम तिच्याकडे निरखून बघायला लागल्या. बाटलीला घाम फुटला होता. त्यांनी ती पदराने पुसावी तशी ॲप्रनने पुसली. पुन्हा ओली. उठल्या आणि तडक माझ्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी पलंगामागच्या भिंतीवर तळवा टेकवला.

"गार आहे गं. त्या बाटलीसारखीच. बाहेरची गरम, दमट हवा आत येते आणि हिच्यावर पाणी होऊन बसते. पाणी मीच आत आणलं."

"अहो, आपण सगळ्यांनीच..."

"तू मध्ये पडू नकोस. सांगितलं कोणी? मी."

अंगणात परत येऊन त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "तीस वर्षं तुम्हाला शहाणपण शिकवलं. उन्हाळ्यातल्या तळघराबद्दल मी चुकले. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, नंतर कामं आहेत." तिसऱ्या मजल्यावरचे ओर्टविन हसले. पलंग आणि कपाट हलवायचं काम त्यांनाच मिळालं.

फेन्याला बाईंनी वर आपल्याकडे झोपायला नेलं. तोंडाला मास्क लावून आम्ही दोघींनी भिंत स्पिरिटने घासली. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र भाड्याने आणलं. पहिले काही दिवस त्याची टाकी रोज भरायची. खिडक्या आता पहाटे पाचला, गारव्यात उघडायच्या आणि ऊन तापायच्या आत बंद. बाई स्वतः खाली येऊन त्या उघडायच्या. कपाट भिंतीपासून वीतभर लांब राहिलं.

सप्टेंबरात डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. मी धावत वर जाऊन बाईंना सांगितलं. त्यांना तेवढ्याने पटेना. फेन्याला पाठमोरी उभी करून त्यांनी तिच्या पाठीला कान लावला.

"श्वास घे. मोठा. अजून एक."

"आजी, किती वेळ?"

"गप गं. चूक माझी होती आणि धाप तुला लागत होती," बाई म्हणाल्या, आणि कान तसाच ठेवून रडायला लागल्या.

फेन्याने पाठ न हलवता आणखी एक मोठा श्वास घेतला.