शेवटच्या पट्टीपर्यंत

पंक बँडमध्ये वीस वर्षं तीनच कॉर्ड बडवणाऱ्या भाच्याची गिटार दुरुस्तीला मामांकडेच यायची. दर वेळी गळ्यावरच्या पहिल्या तीन धातूच्या पट्ट्या झिजलेल्या, बाकीच्या कोऱ्या करकरीत. "सोलोबिलो म्हणजे नुसता भाव खाणं," भाचा नाक मुरडायचा. मग बँड फुटला आणि पन्नाशीत हा पठ्ठ्या एकटाच हेवी मेटलच्या वेगवान सोलोंच्या मागे लागला. "आता बोटं वळणार आहेत का याची?" मामा हसले.

वर्षाने गिटार आली. मामांनी सवयीने धातूच्या तारेतून तीन नव्या पट्ट्या आधीच कापून ठेवल्या होत्या. त्यांनी गळ्यावरून अंगठा फिरवला आणि ते गारच पडले. जिथे बोट जेमतेम मावतं, त्या शेवटच्या पट्टीपर्यंत खाचा पडल्या होत्या.

"गाढवा," मामा पुटपुटले, "जेवलास तरी कधी?"

कापलेल्या तिन्ही पट्ट्या बाजूला सारून त्यांनी तारेचं अख्खं भेंडोळं खाली काढलं.