आत्याचा हात आणि दुधी भोपळा

माझी आत्या स्कूटर घेऊन ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातून निघाली की दुकानदार बाहेर मांडलेला माल आणि स्वतःची पोटं, दोन्ही आत ओढून घेत. मी एकदाच तिच्या मागे बसलो होतो. बसलो तेव्हा माझे केस काळे होते.

दिवाळीआधी ही बाई दाना ओली या गल्लीतल्या स्वतःच्याच घराच्या जिन्यावरून पडली. उजव्या दंडाचं हाड मोडलं आणि हाडाला लागून जाणारी नस दुखावली. पुढे हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण मनगट खाली लोंबतच राहिलं. कंपू भागातल्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, नस जागी होते आहे. हलो न हलो, रोज मनगट उचलायचा प्रयत्न करत राहा. आत्याने बरेच आठवडे केला. मनगट तसूभरही उठलं नाही. शेवटी तिने व्यायाम सोडला आणि मला स्कूटरला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. डॉक्टर कशाला खोटं बोलतील, असं मी विचारलं.

"तसल्ली द्यायला," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बायकांना तेच देतात."

त्याच सुमारास मी एक किट मागवलं होतं. तळहाताएवढी सर्किटची पाटी, तीन वायरी, अंगाला चिकटवायच्या चकत्या. स्नायूतली बारीकशी वीज पकडून ते लॅपटॉपवर रेघ काढतं आणि छोट्या स्पीकरमधून आवाजही करतं. खरं तर मला स्वतःचा मेंदू बघायचा होता, पण तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही, असं बायकोचं मत पडलं. मग डोक्यात आलं, आत्याच्या स्नायूपर्यंत हुकूम पोचत असेल तर मनगट हलायच्या आधी रेघ हलेल.

तिच्या घरी जाऊन उजव्या हाताला चकत्या लावल्या आणि पडद्यावर अशी दणदणीत लाट उसळली की मी खुर्चीवरून उडालोच. नस जिवंत आहे, असं मी जाहीर करून टाकलं. आत्या शांतपणे म्हणाली की तिने अजून हात उचलायला सुरुवातच केलेली नाही. मग तिने मला स्वयंपाकघरातला दुधी आणायला लावला आणि त्याला वायरी जोडायला सांगितलं. दुधीलाही तीच लाट आली. उलट थोडी मोठीच.

"याला दे माझी स्कूटर," आत्या म्हणाली.

अपमान गिळून मी लाट निरखली. सेकंदाला बरोबर पन्नास हेलकावे, म्हणजे ही घरातली वीज, आत्याची नव्हे. मी फ्रिज बंद केला, गीझर बंद केला, इन्व्हर्टर बंद केला. शेजाऱ्यांकडे जाऊन पाण्याची मोटर थांबवा म्हणालो. त्यांनी कारण विचारलं, मी आत्याचं नाव घेतलं, आणि त्यांनी घाबरून मेन स्विचच पाडला. लाट हलायला तयार नाही. शेवटी लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि लाट बसली. ज्या सॉकेटमध्ये तो खोचला होता, त्याच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार कधी कुणी जोडलीच नव्हती. भोक फक्त शोभेला.

आता रेघ सपाट. आत्याने जोर लावला, सपाट. तिचा चेहरा मला बघवेना. पण एक गोष्ट खटकत होती, म्हणून चकत्या तिच्या डाव्या, धडधाकट हाताला लावल्या आणि मूठ वळायला सांगितली. तरीही सपाट. माझ्या हाताला लावल्या तर तडतड. म्हणजे दोष नसेत नव्हता, आत्याच्या कातडीत होता. बोट फिरवलं तर ते घसरलं. ग्वाल्हेरच्या थंडीत ती रोज सकाळी मोहरीचं तेल चोळतेच, पण आज मी येणार म्हणून तिने दोन्ही हातांना पुन्हा एकदा चोळलं होतं.

"मशीनपुढे काय भुरकट हात धरायचे?" ती म्हणाली.

बेसन लावून हात धुतले, स्पिरिटने पुसले, नव्या चकत्या लावल्या. आधी डावा. स्पीकर असा तडतडला की खिडकीतली कबुतरं उडाली. मग उजव्याची पाळी आली आणि आत्या म्हणाली, जरा थांब. ती पाणी प्यायली. डोळे मिटले.

आधी काहीच नाही. मग रेघेवर बारीक लव उभी राहिली आणि स्पीकरमधून दोन-तीन तडतडी आल्या. मनगट जागचं हललं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात रेघ पुन्हा सपाट झाली. आत्याने एक डोळा उघडला होता. ती मुद्दाम थांबली होती. तिने पुन्हा जोर लावला, पुन्हा तडतड. थांबली, शांत. असं तिने सात-आठ वेळा केलं, दर वेळी वेगळ्या अंतराने, मला सुगावा लागू न देता.

निघताना मी वायरी गुंडाळायला गेलो, तर तिने डाव्या हाताने पाटी दाबून धरली. किट माझं आहे, मला अजून मेंदू बघायचाय, असं मी म्हणालो.

"तुझे दोन्ही हात चालतात ना?"

जिना उतरताना वरून तडतड ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो, पुढची येईपर्यंत.