दुसऱ्याच्या नावाची डबी

धुळा खरात वडूजकडचा, मेंढरांमागं वाढलेला. माधवनगरच्या एका गिरणीत मागावर लागून त्याला चार वर्षं झाली होती. सुताची भरली पेटी एकटा उचलायचा आणि कुणी खोकलं की चिडवायचा, "गिरणीची हवा सोसाय छाती लागती गड्या, फाटका भाता न्हवं!"

शेहेचाळीस साली मालकांनी नवा नेम काढला. बाहेरगावनं कामाला येणाऱ्याची क्षयाची तपासणी केल्याबिगर आत घ्यायचं नाही. जुन्यांना तपासणी नव्हती. गिरणीचे डॉक्टर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी डकवून पत्र्याची डबी द्यायचे. सकाळी उठल्या उठल्या छातीतनं खोकून काढलेली थुंकी तीत घेऊन यायची.

त्याच आठवड्यात धुळाच्या थोरल्या बहिणीचा नवरा, सिद्धू, काम मागायला आला. आला तो खोकतच.

"दाजी, कवापासनं हाय ह्यो?"

"जत्रंपासनं. धुरळ्याचा हाय रं."

"धुरळ्याचा आसंल, पर डाक्टर म्हणंल खयाचा. आना ती डबी हिकडं."

सकाळी धुळानं घरामागं जाऊन एकदाच घसा खाकरला आणि डबीचं बूड झाकलं. "घ्या. माझी थुंकी म्हंजी तालमीची माती. हिच्यात रोग घावला तर मिशी काढीन!"

दोघं हसले. धडधाकट माणसाच्या छातीतनं एवढा पिवळा बेडका सहजी यावा कसा, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर डॉक्टरांनी सिद्धूला बोलावलं. धुळा दारात उभा राहिला.

"क्षय आहे तुला," डॉक्टर म्हणाले. "थुंकीत जंतूच जंतू आहेत. गिरणीत पाऊल टाकायचं नाही. घरी जा, वेगळा नीज, ताटवाटी वेगळी ठेव. लहान पोरांच्या जवळ जाऊ नकोस."

सिद्धूनं तोंड उघडलं, धुळाकडं बघितलं आणि मिटलं. "व्हय जी," एवढंच म्हणाला.

बाहेर लिंबाखाली येताच धुळानं सिद्धूचा दंड धरला.

"दाजी, त्यो रोग माझा हाय."

"वरडू नगंस. मी जातो गावाला. तुझी भाकरी तरी ऱ्हाऊ दे."

"आन गावात तुमास्नी खय झाला म्हणतील त्ये? तुमच्या पोरीला कोण करून घील?"

"तुझ्या भनीची, रंगूची आन हाय," सिद्धू म्हणाला, "मी सांगायचा न्हाई. तू बी गप ऱ्हा."

दोघं घरी आले, धुळा जेवायला बसला. बायकोनं, राहीनं, भाकरी-कालवण वाढलं. दीड वर्षाची शेवंता रोजच्यासारखी मांडीला येऊन टेकली नि आ करून उभी राहिली. दात पुरते आले नव्हते. धुळा आपल्या तोंडात भाकरी मऊ करून तिला भरवायचा. त्यानं घास चावला, बोटावर घेतला, तिच्या ओठापाशी नेला.

हात तिथंच थांबला.

पोरीनं बोट धरून ओढलं. धुळानं हिसडा देऊन हात सोडवला आणि घास चुलीत टाकला. पोरीनं भोकाड पसरलं.

"आवं, काय झालं? मीठ लय पडलं काय?" राही म्हणाली.

धुळानं राख घेऊन हात धुतला, परत एकदा धुतला, अंगात सदरा घातला आणि बाहेर पडला.

डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावत होते.

"सिद्धूच्या डबीतली थुंकी माझी हाय," धुळा लांबूनच बोलला.

डॉक्टरांनी कुलूप काढलं, आत जाऊन खुर्चीवर बसले. "गाढवांनो, ही काय थट्टा आहे?" मग वही पुढं ओढून म्हणाले, "हे लिहिलं की उद्यापासून तुला मागावर उभं राहता यायचं नाही. कळतंय ना?"

"लिवा. आन दाजींस्नी नवी डबी द्या. ह्या बारीला तुमच्या म्होरं थुंकत्याल."

"घरात आणखी कोण?"

"बायकू. आन लेक. रोज चावून भरवतो तिला. आज न्हाई भरवलं."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "दोघींना घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

धुळा पळत सुटला. शेवंता दारातच खेळत होती. बाप दिसताच हात पसरून धावली. धुळा दहा पावलं मागं सरला आणि मोठ्यानं ओरडला, "राही, पोरीला तू घे! मी म्होरं चालतो."